सैंधवाची कांडी

सोलापूर, श्रावणातला सोमवार, ५ ऑगस्ट १९३५

रुद्रप्पा, बाळा,

सिद्धरामेश्वर तुला आणि सूनबाई महादेवीला सुखात ठेवो. तू पत्र घालत नाहीस म्हणून मीही घालायचं नाही, असं थोडंच आहे? माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, तुझे अप्पा म्हणायचे. त्यांनीच पाटीवर शिकवलं, आणि पुढं नावं ठेवणारेही तेच. तेव्हा शाळेत शिकवून आलास की चहा घे आणि मग सावकाश वाच.

आधी आनंदाची गोष्ट. तुझी लेक आली, मालती! वाळली आहे, पण डोळे तेच, लहानपणी भिंगरी उलगडून बघायची तसे. मी तिला बघून इतकी हरखले की भाकरी तव्यावर करपली. माग बंद करून शेजारचा नरसय्या बघायला आला, "कोण आलंय अम्मा, एवढा गलका?" म्हणत. मी म्हटलं, माझी नात आली, बंगळूरला दगड वाकवते! तो म्हणाला, दगड वाकतो व्हय? मी म्हटलं, आमच्या मालतीपुढं वाकतो.

दगड नाही म्हणा, स्फटिक. आणि स्फटिक तरी कसला, तर सैंधव. आपलं उपासाचं मीठ! त्याची बोटभर लांब, काडीसारखी पट्टी करायची, तिला ती कांडी म्हणते. दोन पात्यांवर आडवी ठेवायची आणि मधोमध वजन टांगायचं. ती वाकते, पण डोळ्याला दिसत नाही इतकी. म्हणून टोकांना इवलेसे आरसे चिकटवलेत. कंदिलाचा उजेड फटीतून आरशावर जातो आणि भिंतीवर ठिपका पडतो. वजन टाकलं की ठिपका खाली सरकतो, वजन काढलं की परत जागेवर आला पाहिजे. किती सरकला त्यावरून कांडी किती ताठ ते कळतं. माझं जातं तिनं घेतलंय बरं का, त्याचा दगड हलत नाही म्हणून. मी दळण शेजारी नेते आणि कौतुकानं नेते. नरसय्याचे माग चालू असले की ठिपका थरथरतो, म्हणून ते लोक जेवायला उठले की हिचं काम सुरू.

आता दुसरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले. पोर घाबरलेली आहे, रुद्रप्पा.

तिच्या बंगळूरच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या मास्तरांनी सैंधवाचा ताठपणा मागंच मोजून छापलाय. हिनं मोजला तर हिचा आकडा जास्त आला. पुन्हा मोजला, पुन्हा जास्त. मास्तर म्हणाले, "घरी जा. कुठं चुकतेस ते शोध. सापडलं की लिही, मग बोलावीन. तोवर इथं जागा नाही." जाताना त्यांनी स्वतःची कांडी दिली, ज्या कांडीवर त्यांनी मोजलं तीच. "हिच्यावर आपला हात तपास," म्हणाले, "आणि जशी नेतेस तशीच परत आण."

आणि विजापूरहून तुझं पत्र गेलेलं. दसऱ्याच्या आत मास्तरांनी बोलावलं तर जा, नाही बोलावलं तर दसरा झाला की वैरागच्या स्थळाला होकार. मला तिनं ते वाचून दाखवलं.

ती आधी पितळेच्या पट्टीला विचारते. म्हणजे कशी, पितळ किती ताठ ते साऱ्या जगाला ठाऊक आहे. "पितळ बरोबर बोललं तर माझा हात बरोबर, आज्जी." पितळ आज बरोबर बोललं. मी टाळ्या वाजवल्या. ती म्हणाली, टाळ्या नको, ठिपका हलतो.

वैरागचा मुलगा चांगला असेलही. मी काही म्हणत नाही. पण तू हिला ठिपक्याकडं बघताना एकदा बघायला हवं होतंस.

महादेवीला आशीर्वाद. तिच्या गुडघ्याला एरंडेल लावते का?

तुझी अव्वा


सोलापूर, मंगळवार, २० ऑगस्ट

रुद्रप्पा,

तुझं कार्ड पोचलं. एका ओळीचं. "वैरागची मंडळी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येतील." बरं. माझी तब्येत चांगली आहे, विचारलं नाहीस तरी सांगते.

हे पत्र लिहू की नको असं सकाळपासून चाललंय. तू म्हणशील, बघ, बाईमाणसाच्या घरात असलं काम होतं का. पण दुसऱ्या कुणाला सांगू?

आठवडाभर तिचं झकास चाललं होतं. पितळ बरोबर. तिच्या स्वतःच्या कांड्या, ज्या ती खड्याला पात्यानं टिचकी मारून सरळ फोडून काढते, त्या सगळ्यांचा एकच आकडा, तिचा. मग शनिवारी तिनं मास्तरांची कांडी चढवली. वजन टाकलं, काढलं, उलटी करून पुन्हा टाकलं. आणि आकडा आला तो मास्तरांचा! मी म्हटलं, मग झालं की, तुझा हात खरा, मास्तरांचाही खरा. ती म्हणाली, "तेच तर भीतीचं आहे आज्जी. मीठ एक, हात एक, आणि उत्तरं दोन. चूक कुणाचीच नाही तर चूक आहे कुठं?"

तिला एक संशय होता. पण तो खरा का खोटा ते बघायला मास्तरांची कांडी तोडावी लागली असती. "ती माझी नाही," म्हणाली. दोन दिवस ती कांडीकडं बघत बसली. एकदा पातं हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

सैंधवाला दमट हवा चालत नाही, माहीत असेलच तुला. म्हणून तिनं कांडी काचेच्या बरणीत, खाली फडक्यात बांधलेली चुन्याची ढेकळं घालून, देवाच्या कोनाड्यात ठेवलेली. घरातली कोरडी जागा तीच.

काल सोमवार. माझं मनगट दुखतं म्हणून उपासाचं रांधायला मागच्या खोलीतली बजाबाई येते. माळशिरसची, तू तिला ओळखत नाहीस, तू गेल्यावर राहायला आली. भगर केली, शेंगदाण्याची आमटी केली. आम्ही तिघी जेवलो. मालतीनं आमटी दोनदा घेतली, मला इतकं बरं वाटलं! मग ती उठून कोनाड्यापाशी गेली. आणि तिथंच उभी राहिली.

"आज्जी, बरणी कुणी उघडली?"

बजाबाई हात पुसत आली. "म्या उघडली की. घरातलं सैंधव सपलं व्हतं. म्हनलं देवाच्या कोनाड्यात काचंच्या बरणीत मीठ ठिवलंय, ते उपासाचं न्हाय तर कशाचं? चुना लागला व्हता जरा, धुतलं आन् कुटलं."

"कुटलं?"

"मग काय अख्खी कांडी आमटीत सोडू? काय झालं गं, तोंड असं का झालं तुझं? खारट झाली का?"

रुद्रप्पा, मी हसले. देवाशपथ सांगते, हसू आवरलं नाही. आणि मग मालतीचं तोंड बघितलं आणि हसू जागच्या जागी थिजलं. ती जात्यापाशी खाली बसली आणि हळूच म्हणाली, "आज्जी, मी ती खाल्ली. मास्तरांची कांडी मी खाल्ली."

बजाबाईला समजावून सांगितलं तेव्हा तिनं तोंडात मारून घेतलं. "आगं बया! सांगायचं न्हाय का गं पोरी! म्या मीठच समजले!" मालती म्हणाली, "मीठच होतं ते, बजामावशी."

आज सकाळी मीच तिला सुचवलं, वाण्याकडून खडा आणू, तस्सा कापू, घासू, बरणीत घालू. मास्तरांना काय कळणार? मीठ ते मीठ. ती म्हणाली, "आणि ती माझं उत्तर देईल आज्जी, त्यांचं नाही. मग मी त्यांना काय सांगू, तुमची कांडी घरी येऊन सुधारली?"

रात्रभर झोपली नाही, सकाळपासून जेवली नाही, ठिपका मांडायला गेली तर ठिपका भिंतभर पळतो. म्हणते, "आता मी काहीही लिहिलं तरी खोटं वाटेल. कांडीच नाही तर तपासलं कशावर?" मला तिच्यासाठी भीती वाटते. मला त्या मास्तरांची वाटते. आणि खरं सांगू, तुझ्या त्या एका ओळीच्या कार्डाचीही वाटते.

अव्वा


सोलापूर, मंगळवार, २७ ऑगस्ट

रुद्रप्पा, बाळा,

काय लिहू आणि कसं लिहू! आधी बस खाली.

काल शेवटचा सोमवार. बजाबाई मालतीच्या समोर यायला लाजत होती, मागच्या दारानं आली. मीच म्हटलं, ये बाई, चूल तुझी वाट बघते. भगर शिजली. मीठ घालायची वेळ आली तशी तिनं आपला तिखटामिठाचा डबा उघडला आणि हळदीच्या शेजारून एक तुकडा काढला. आपल्या नखाएवढा.

मी विचारलं, "हे काय?"

"त्या दिशीचंच हाय की. टोकाला चुना लई बसला व्हता, निघंना. म्हनलं टाकायचं कशाला, म्होरल्या सोमवारी खरवडून घिऊ."

मी मालतीला अशी हाक मारली की मागावरचा नरसय्या दचकून धोटा टाकून आला.

मालती आली. तुकडा हातात घेतला, हळदीनं पिवळा झालेला. फुंकर घातली, ओल्या फडक्यानं नाही, कोरड्यानं पुसला. मग बजाबाईला विचारलं, "मावशी, तुम्ही हे टोक तोडलंत कसं?"

"बत्त्यानं. नीट तुटंना बघ. सरळ मारला तर तिरका फुटला, पायरीवानी. तवाच म्हनलं, मीठ वंगाळ दिसतंय."

मालतीनं तुकडा उजेडात धरला. एका बाजूला घासून गुळगुळीत केलेली कड, आणि तुटलेली बाजू तिच्याशी काटकोनात नाही, कलती. मग तिनं पातं काढलं. आता तुकडा कुणाचा आणि मोडायचा कसा असला प्रश्न उरलेला नव्हता. टिचकी मारली. पुन्हा फुटला, तसाच कलता. पुन्हा टिचकी, पुन्हा तसाच.

ती खाली बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. बजाबाई घाबरली, "आता आनि काय क्येलं म्या?" मालतीनं तिच्या गळ्यात हात टाकले. "मावशी, मला जे करायची भीती वाटत होती ते तुम्ही केलंत."

तुला समजावून सांगते, मला तिनं सांगितलं तसं. माझ्या लुगड्याचा पदर घेतला. धाग्याच्या रेषेत ओढला, ताणला नाही. मग कोपऱ्याकोपऱ्यानं तिरका ओढला, तर केवढा ताणला! "स्फटिकाचंही असंच असतं आज्जी. त्याच्या आत उभ्या-आडव्या रेषा असतात. रेषेत कापली तर कांडी ताठ, तिरकी कापली तर नरम. मास्तरांना ज्यानं कुणी कापून दिली त्यानं तिरकी कापली. वरून घासली म्हणून दिसत नव्हतं. मास्तरांनी मोजलं ते बरोबर मोजलं, पण छापताना लिहिलं की हा रेषेतला आकडा." नरसय्या दारात उभा राहून ऐकत होता, म्हणाला, तिरकं ओढलं की ताणणारच, त्यात काय! जसं काही त्यालाच विचारलं होतं.

मला वाटलं, सुटलो. मी देवापुढं साखर ठेवली.

"आता लिही की मास्तरांना," मी म्हटलं.

"काय लिहू? तुमची कांडी आम्ही आमटीत घालून खाल्ली, आणि उरलेल्या नखभर हळदीच्या तुकड्यावरून सांगते की तुमचा छापलेला आकडा चुकीच्या दिशेचा आहे?"

असं म्हटल्यावर मला तिची भीती कळली, रुद्रप्पा. मास्तर मोठा माणूस. त्याचं नाव छापलेलं. ही कोण? आणि कांडी खाल्ली ही गोष्ट तिथल्या पोरांना कळली की हसून हसून लोळतील.

मी म्हटलं, "असं कर. लिही, की माझंच चुकत होतं, तुमचा आकडा खरा. बोलावतील तुला. तिथं गेल्यावर पुढचं पुढं."

तू हसू नकोस. मी तिला इथून जाऊ देण्यासाठी बोलले, ठेवून घेण्यासाठी नाही. ठेवून घ्यायची मला किती इच्छा आहे ते तुला ठाऊक नाही.

ती चिडली नाही. म्हणाली, "आज्जी, मी पितळेलासुद्धा आधी विचारते, तू खरं बोलतेस का. मग मीच खोटं लिहू?"

तिनं सगळं लिहिलं. आमटीसकट. तुकडा मेणकागदात गुंडाळून सोबत घातला, नवीन तीन कांड्या सरळ फोडून दिल्या आणि मुद्दाम तिरकी कापलेली एक. ती कापायला नरसय्यानं सुताचा धागा दिला. ओला करून मिठावर ओढत राहायचा, मीठ हळूहळू चिरत जातं, मी तासभर बघत बसले, इतकं सुंदर दिसतं ते! त्या तिरक्या कांडीनं मास्तरांचा आकडा दिला. जवळपास.

टपालात टाकायला मी तिच्याबरोबर गेले. पेटीपाशी तिनं पाकीट आत सोडलं आणि हात तसाच पेटीच्या तोंडाशी राहिला. मी मनातल्या मनात म्हणत होते, परत काढता येत असतं तर बरं झालं असतं.

आता वाट बघायची. पोस्टमन गल्लीत आला की मालती आत जाणार आणि मी दारात.

अव्वा


सोलापूर, मंगळवार, २४ सप्टेंबर

रुद्रप्पा,

तू उत्तर दिलं नाहीस, मधल्या दोन पत्रांचं. असू दे.

मास्तरांचं उत्तर मात्र आलं. इतके दिवस लावले की पोरीनं आशा सोडली होती, ट्रंकेतून वैरागसाठी म्हणून महादेवीनं पाठवलेलं लुगडं काढून ऊन दाखवायला टाकलं होतं. मी ते बघितलं आणि काही बोलले नाही. बजाबाईनं मात्र ते दोरीवरून ओढून घडी घालून परत ट्रंकेत कोंबलं. "वाळलंय," म्हणाली. कोरडंच होतं ते.

मास्तरांनी इंग्रजीत लिहिलंय, मालतीनं वाचून सांगितलं. शाबासकी नाही. रागही नाही. लिहिलंय की, "आपण लिहिता ते शक्य आहे. सिद्ध मात्र झालेलं नाही. त्याच खड्यातून कापलेल्या माझ्या बाकीच्या कांड्या कपाटात आहेत. येथे या आणि त्या माझ्यासमोर फोडा." आणि खाली, "स्वयंपाकघरापासून लांब ठेवल्या आहेत."

मी तर नाचायचीच राहिले! बोलावलं की! मास्तरांनी बोलावलं! नरसय्याच्या घरी गूळ वाटला. बजाबाई म्हणाली, "थट्टा करतोय म्हंजे मानूस बरा असंल."

पण मालतीचा चेहरा तू बघायला हवा होतास. आनंद होता, नाही असं नाही. आणि त्याच्याखाली ती गार भीती. "आज्जी, त्या सरळ फुटल्या तर? एकच कांडी तिरकी निघाली असेल आणि बाकीच्या नीट असतील तर? सगळ्यांसमोर मी त्यांची एकेक कांडी मोडणार आणि प्रत्येक सरळ फुटणार." मी म्हटलं, मग तशा फुटतील. ती म्हणाली, "मग मी परत येईन." आणि ट्रंक भरायला लागली. रुद्रप्पा, एवढी भीती असताना ट्रंक भरणारी माणसं मी फार बघितली नाहीत.

तर आता तुझं आणि माझं.

तू म्हणाला होतास, दसऱ्याच्या आत मास्तरांनी बोलावलं तर जा. घट अजून बसायचेत. त्यांनी बोलावलंय. पुढं काय होईल त्याची अट तू घातली नव्हतीस, आता घालू नकोस. वैरागच्या मंडळींना येऊ नका असं मीच कळवलं, तुझी वाट बघितली नाही. नरसय्याच्या मुलाकडून चांगल्या अक्षरात लिहून घेतलं, नम्रपणे. राग आला तर माझ्यावर काढ, मी इथंच आहे.

शुक्रवारी सकाळी ती निघते. होटगीला गाडी बदलून गदगकडं. दुपारी ती गाडी तुझ्या विजापूरला उभी राहते, पाणी भरायला असेल, बराच वेळ राहते. मालतीनं मला विचारलं, "बाबांना कळवलंस का?" मी नाही म्हटलं. तिनं मान हलवली, जणू तेच बरं. पण थोड्या वेळानं विचारत होती, विजापूरचं स्टेशन गाडीच्या कुठल्या हाताला येतं गं, उजव्या की डाव्या?

मला माहीत नव्हतं. मी उजव्या म्हटलं.

तू ये असं मी लिहीत नाही. बोल असंही लिहीत नाही, तुझ्याच्यानं ते होणार नाही, तुझ्या अप्पांच्यानंही व्हायचं नाही. नुसता फलाटावर उभा राहा. महादेवीला घेऊन ये, ती बोलेल दोघांच्या वाटचं. दशम्या मी बांधून देणार आहे, तेव्हा खायला काही आणलं नाहीस तरी चालेल.

इतके दिवस मी त्या मास्तरांना भीत होते. आता नाही भीत. कांड्या सरळ फुटोत नाहीतर तिरक्या, ती तिथं हातात पातं घेऊन उभी राहील एवढं मला कळलंय. आता भीती एवढीच आहे की विजापूरला गाडी थांबेल, पोर उजव्या खिडकीतून बघेल, मग उठून डाव्या खिडकीशी जाईल, आणि दोन्हीकडं नुसता फलाट असेल.

तुझी अव्वा,
गंगम्मा